सेरेब्रल पाल्सी : लेकराचा आजार समजून घेताना

(रिद्धपूर, जि. अमरावती येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



समोर बसलेले ज्येष्ठ, माय-बहिणी, आशाताई, अंगणवाडीताई आणि मांडीवर लेकरू घेऊन आलेले आईबाप, सगळ्यांना नमस्कार. ज्या रिद्धपुरात सात शतकांपूर्वी म्हाइंभटांनी लोकांच्या बोलीत लीळाचरित्र लिहून ठेवलं, आणि जिथे आज मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय, तिथे डॉक्टरनं इंग्रजी शब्दांच्या आड लपणं बरं दिसत नाही. त्यामुळे आज सगळं सरळ मराठीत बोलू. जिथे इंग्रजी नाव तुमच्या फाइलीवर लिहिलेलंच असतं, तिथे ते नाव घेऊ आणि लगेच फोडून सांगू.

विषय आहे सेरेब्रल पाल्सी. 'सीपी' असंही म्हणतात. मराठीत 'मेंदूचा पक्षाघात' म्हणतात. पण ओपीडीत आई येते तेव्हा यातलं कोणतंच नाव घेत नाही. ती म्हणते, "साहेब, हे लेकरू मान धरत नाही जी." किंवा, "पाय कात्रीसारखे आवळून घेते, लंगोट बदलता येत नाही." आपण तिथूनच सुरुवात करू.

हा आजार नेमका काय आहे?

बाळाचा मेंदू वाढत असताना, म्हणजे पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या दोन-तीन वर्षांत, मेंदूला काही इजा होते. हालचाल आणि अंगाचा तोल सांभाळणाऱ्या भागाला ती इजा झाली, की जो कायमचा त्रास उरतो त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणायचं.

तुम्ही संत्र्याच्या बागेतली माणसं. विहिरीवरची मोटर चांगली आहे, पाइप चांगला आहे, पण स्टार्टरच्या पेटीत बिघाड झाला. मग मोटर कधी एकदम जोरात सुरू होते, कधी थरथरते, कधी बंदच होत नाही. लेकराचे हातपाय ही मोटर. ती खराब नाही. तिला हुकूम देणारी पेटी बिघडली आहे. म्हणून नुसतं पायाला तेल लावून पाय सुधारत नाही.

गावात अजूनही पुष्कळ लोक याला पोलिओ म्हणतात. पोलिओत मेंदू ठीक असतो, मणक्यातल्या मज्जारज्जूच्या पेशी मरतात आणि पाय ढिला, लुळा पडतो. सीपीत बहुतेक वेळा उलटं दिसतं, पाय ताठ होतो. आणि एक लक्षात घ्या, भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यानंतर जन्मलेल्या लेकराला 'पोलिओ झाला' म्हणून घरी बसवून ठेवलं असेल, तर बहुधा त्याच्या आजाराचं नावच चुकलेलं आहे. नाव चुकलं की उपचारही चुकतो.

आता दोन वाक्यं सांगतो, ती घरी घेऊन जा. पहिलं : मेंदूतली ही इजा वाढत जात नाही. दुसरं : पण लेकराचं शरीर वाढत जातं, आणि लक्ष दिलं नाही तर शरीराची अवस्था बिघडू शकते. हाडं भराभर वाढतात, ताठ स्नायू तेवढे वाढत नाहीत, मग सांधे आखडतात आणि खुबा सरकतो. आपले निम्मे उपचार हे दुसरं नुकसान टाळण्यासाठी असतात. उरलेले निम्मे, आहे त्या मेंदूला नवं काम शिकवण्यासाठी.

सगळी लेकरं सारखी नसतात

साधारण ७० ते ८० टक्के मुलांमध्ये स्पास्टिक प्रकार असतो, म्हणजे स्नायू ताठ. त्यातही एकाच बाजूचा हात-पाय असेल तर हेमिप्लेजिया, मुख्यतः दोन्ही पाय असतील तर डायप्लेजिया, चारही हातपाय आणि धड असेल तर क्वाड्रिप्लेजिया. दुसऱ्या प्रकारात हातपाय, मान, चेहरा आपोआप पिळल्यासारखा हलतो. लेकरू वस्तू घ्यायला जातं आणि हात भलतीकडेच जातो. अशा मुलांची बुद्धी अनेकदा चांगली असते, पण तोंडाकडे पाहून लोक त्यांना वेडं ठरवतात. तिसरा प्रकार तोल जाण्याचा, तो कमी आढळतो. आणि काहींमध्ये मिश्रण असतं.

पण आईबापांच्या कामाचा त्याहून महत्त्वाचा भेद वेगळा आहे. १९९७ साली कॅनडातल्या तज्ज्ञांनी पाच पायऱ्यांची एक पट्टी केली. पहिल्या पायरीवरचं मूल चालतं, पळतं, फक्त थोडं अडखळतं. दुसऱ्यावरचं चालतं, पण जिना, खाचखळगे, लांबचं अंतर जड जातं. तिसऱ्यावरचं वॉकर किंवा कुबड्या धरून चालतं. चौथ्यावरच्या मुलाला बहुतेक वेळ चाकाची खुर्ची लागते. पाचव्यावरच्या मुलाला मान आणि धड सावरायलाही आधार हवा असतो. डॉक्टरांना विचारा, "आमचं लेकरू कितव्या पायरीवर आहे?" या एका प्रश्नाच्या उत्तरावरून पुढचे बरेच निर्णय ठरतात.

का होतं? कुणाच्या चुकीनं?

१८६१ साली लंडनमध्ये विल्यम लिटल नावाच्या शल्यचिकित्सकानं प्रसूतितज्ज्ञांच्या सभेत मांडलं, की अवघड बाळंतपण आणि लेकरांच्या अंगाचा ताठरपणा यांचा संबंध आहे. त्यामुळे बरीच वर्षं याला 'लिटलचा आजार' म्हणत. पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड, हो, तेच मनोविश्लेषणवाले, तेव्हा ते मज्जातंतूंचे डॉक्टर होते, त्यांनी म्हटलं की अवघड बाळंतपण हे कधी कधी कारण नसून परिणाम असू शकतं. बाळाला पोटातच काहीतरी झालेलं असतं, म्हणून बाळंतपण अडतं. आज आपल्याला माहीत आहे की दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं.

जगात साधारण हजार जन्मांमागे दोन ते तीन मुलांना सीपी होते. श्रीमंत देशांत हे प्रमाण आता दोनच्याही खाली आलं आहे. आपल्याकडची मोठी कारणं अशी : बाळ फार लवकर जन्मणं, वजन फार कमी असणं, जन्मताच न रडणं म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी पडणं, नवजात बाळाची कावीळ फार वाढणं, मेंदूज्वर, रक्तातली साखर खूप उतरणं, आणि गर्भारपणातले काही संसर्ग. काही मुलांमध्ये जनुकीय कारण सापडतं. काहींमध्ये कारण सापडतच नाही.

यात ग्रहणाचा दोष नाही. सुनेनं ग्रहणात विळी धरली म्हणून हे होत नाही. पूर्वजन्माचं पापही नाही. डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात, आपल्या सीमेलगतच्या कलबुर्गी जिल्ह्यात, अपंग मुलांना बरं वाटावं म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरल्याच्या बातम्या आल्या होत्या. ते आईबाप दुष्ट नव्हते. कुणी नीट समजावून सांगितलं नाही, की माणूस मिळेल तो आधार धरतो.

टाळता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं काही आपल्या विदर्भातच सिद्ध झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, बाळाला ऊब कशी द्यायची. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. तो अभ्यास मृत्यूंचा होता, सीपीचा नव्हता. पण ज्या गोष्टी बाळाला मारतात, त्याच गोष्टी वाचलेल्या बाळाच्या मेंदूवर घाव ठेवून जातात. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, त्या कार्यक्रमामागे हा गडचिरोलीचा अनुभव आहे. तेव्हा आशाताई आल्या की "झोपलंय बाळ, नंतर या" म्हणू नका.

आणखी दोन गोष्टी. पहिल्या २४ तासांत दिसणारी कावीळ, किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली पिवळी झाक, ही उन्हात धरून बरी होणारी कावीळ नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा उपचार वेळेवर मिळाला तर एक आख्खं अपंगत्व टळतं, शिवाय बहिरेपणही टळतं. दुसरी गोष्ट, आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं आधीच विचारून ठेवा. आणि बाळंतपण फार लवकर होणार असं दिसलं, तर बाळ जन्मायच्या आधीच आईला देण्याची औषधं आहेत. एकानं बाळाची फुप्फुसं तयार होतात, दुसऱ्यानं, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटनं, सीपीचा धोका कमी होतो. पण त्यासाठी आई योग्य दवाखान्यात वेळेत पोचायला हवी.

कधी शंका घ्यायची?

आपल्याकडे एक वाक्य फार चालतं : "याचा बापही उशिराच चालला होता." काही वेळा ते खरंही असतं. पण या वाक्यात लेकराचं सगळ्यात मोलाचं पहिलं वर्ष निघून जातं.

पुढची लक्षणं दिसली तर थांबायचं नाही. तीन महिन्यांचं होऊनही बाळ ओळखून हसत नाही. चार-पाच महिन्यांत मान सावरत नाही. चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट आवळलेल्या, अंगठा आत. नऊ महिन्यांचं झालं तरी बसत नाही. उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात. अंग फार ताठ, किंवा कापडासारखं ढिलं. आणि एक लक्षण, ज्याचं लोक कौतुक करतात : वर्षाच्या आतच लेकरू 'डावखुरं' किंवा 'उजवं' दिसायला लागतं. इतक्या लहान वयात बाळ दोन्ही हात सारखेच वापरतं. एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताची तपासणी करायला हवी.

लवकर जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना मात्र हिशेब नीट करा. आठ आठवडे आधी जन्मलं असेल तर आजच्या वयातून दोन महिने वजा करा आणि मगच तुलना करा.

पूर्वी डॉक्टरसुद्धा म्हणत, "दोन वर्षांचं होऊ द्या, मग पाहू." आता तसं नाही. बाळाच्या हालचालींचं बारकाईनं निरीक्षण, मज्जासंस्थेची ठरावीक तपासणी आणि गरजेप्रमाणे एमआरआय, यांवरून सहा महिन्यांच्या आत सीपीचा धोका बराच भरवशानं सांगता येतो. पक्कं नाव लागेपर्यंत 'धोका जास्त आहे' असं धरून उपचार सुरू करतात. लहान मेंदू ओल्या मातीसारखा असतो, त्याला वळण लवकर लागतं.

"चालेल का जी?"

हा प्रश्न प्रत्येक आईबाप विचारतात, आणि त्यांना खरं उत्तर मिळण्याचा हक्क आहे. गोल गोल बोलून काही साधत नाही.

अनेक अभ्यासांतून ढोबळ अंदाज असा निघाला आहे : जे मूल दोन वर्षांचं होईपर्यंत आधाराशिवाय बसायला लागतं, ते पुढे-मागे चालण्याची शक्यता खूप चांगली असते. चार वर्षांचं होऊनही जे स्वतःहून बसत नाही, ते स्वतःच्या पायांनी चालण्याची शक्यता फार कमी असते. आणि हालचालीची जी काही क्षमता आहे, तिचा ९० टक्के भाग साधारण पाच वर्षांच्या आत येऊन जातो.

ऐकायला कठीण आहे, मला माहीत आहे. पण हे का सांगतो? कारण मी अशी घरं पाहिली आहेत जिथे 'चालायला लागेल' या एकाच आशेवर दहा वर्षं गेली, शेत गहाण पडलं, आणि त्या दहा वर्षांत लेकरू शाळेत गेलं नाही, त्याला खुर्ची मिळाली नाही, बोलण्याचं कुठलं साधन मिळालं नाही. चालणं ही एक गोष्ट आहे, जगणं त्याहून मोठं आहे. तीनपैकी दोन सीपी मुलं चालतात. उरलेल्या एकाला चाकाच्या खुर्चीवरून शाळेत जाता येतं.

उपचार : काय खरंच उपयोगी पडतं

मेंदूतली जुनी इजा पुसून टाकणारं औषध आज जगात कुठेही नाही. हे एकदा मान्य केलं, की मग उपयोगी पडणाऱ्या पुष्कळ गोष्टी दिसायला लागतात.

पहिली, व्यायाम-शिक्षण, म्हणजे फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी. इथे एक मोठा बदल झाला आहे. पूर्वी थेरपिस्ट लेकराचे हातपाय ताणायचे आणि लेकरू रडत पडलेलं असायचं. आता पुरावा असा सांगतो, की मूल जे स्वतः करतं त्यातूनच मेंदू शिकतो. म्हणून ध्येय ठरवून सराव करायचा. 'स्नायू मोकळा करणं' हे ध्येय नाही. 'स्वतःच्या हातानं भाकरीचा तुकडा तोंडात घालणं' हे ध्येय. ते काम रोज, पुन्हा पुन्हा, खेळत खेळत करायचं. एकाच बाजूचा हात कमजोर असेल तर चांगल्या हातावर थोडा वेळ मोजा चढवून कमजोर हाताला कामाला लावतात. याचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे.

दुसरी, ताठरपणा कमी करणारे उपाय. पोटात घ्यायची औषधं आहेत. ठरावीक स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देतात, त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. त्या काळात प्लास्टर, स्प्लिंट आणि सराव झाला तर फायदा. नुसतं इंजेक्शन देऊन घरी बसलात तर पैसे पाण्यात. निवडक मुलांमध्ये कण्यातल्या काही संवेदी तंतूंची शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रांत होते. ती प्रत्येकासाठी नाही.

तिसरी, हाडांची शस्त्रक्रिया. जमेल तिथे सगळी दुरुस्ती वयाच्या योग्य टप्प्यावर एकाच वेळी करतात. दरवर्षी एक ऑपरेशन, दरवर्षी शाळा बुडाली, असं होऊ नये म्हणून.

चौथी गोष्ट अगदी स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त विसरली जाते : खुब्याचा एक्स-रे. सीपीच्या साधारण दर तीन मुलांमागे एकाचा खुबा सरकतो. पहिल्या पायरीवर जवळपास कुणाचाच नाही, पाचव्या पायरीवर सुमारे ९० टक्के. सुरुवातीला ना दुखत, ना दिसत. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, लेकराला बसताही येत नाही, रात्रभर रडतं. म्हणून धोक्याच्या पायरीवरच्या मुलाचा ठरावीक काळानं एक्स-रे काढायचा. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण द्या.

आणि सीपी म्हणजे फक्त हातपाय नव्हेत. जगभरच्या अभ्यासांचं सार सांगतो : चारांतल्या तिघांना वेदना असते, दोघांतल्या एकाची बौद्धिक वाढ कमी असते, चारांतल्या एकाला फिट येतात, चारांतल्या एकाला बोलता येत नाही, पाचांतल्या एकाला झोपेचा त्रास असतो, दहांतल्या एकाची दृष्टी जवळपास नसते. म्हणून डोळे, कान, दात, बद्धकोष्ठ, वजन, हे सगळं तपासायचं. कितीतरी चिडकी लेकरं फक्त पोट साफ न झाल्यानं चिडकी असतात.

घर हीच मोठी शाळा

थेरपिस्टकडे आठवड्यातून एक-दोन तास, तेही एसटीनं मोर्शी किंवा अमरावतीला जाऊन. बाकीचे सगळे तास लेकरू घरी असतं. म्हणून खरं काम घरातच होतं.

पाय आवळणाऱ्या लेकराला झोळीसारखं उचलू नका. कडेवर घ्या, दोन्ही पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. आपल्या आया-आज्यांची ही जुनी पद्धत आहे, आणि याच स्थितीत मांड्या मोकळ्या होतात.

भरवताना आडवं झोपवून, नाक दाबून कधीही भरवू नका. घास फुप्फुसात जातो आणि मग वारंवार न्यूमोनिया होतो. बसवून, मान किंचित पुढे ठेवून, समोरून भरवा. पातळ वरणापेक्षा मऊ, दाटसर भात-वरण गिळायला सोपं जातं.

बसवण्यासाठी महागडी खुर्ची नाही मिळाली तर गावातल्या सुताराकडून कोपऱ्याची खुर्ची करून घ्या. दोन फळ्या काटकोनात, मध्ये एक खुंट, पुढे एक पाट. खुंटामुळे पाय फाकलेले राहतात, कोपऱ्यामुळे खांदे पुढे येतात, हात खेळायला मोकळे होतात. माप मात्र थेरपिस्टकडून घ्या. जुन्या गादीची घट्ट वळकटी करून छातीखाली ठेवली की पोटावर झोपून मान उचलायचा सराव होतो.

आणि बापांना विनंती. ही सगळी कामं आईवर टाकू नका. तिची कंबर, तिची झोप, तिचं मन, हेही या लेकराच्या उपचाराचा भाग आहेत.

ज्यात पैसे जातात आणि हाती काही येत नाही

'स्टेम सेल' म्हणजे मूलपेशींच्या नावाखाली लाखो रुपये घेतले जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर मूलपेशींचा उपचार फक्त मान्यताप्राप्त संशोधनातच करता येतो. संशोधन असेल तर पालकांकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी पैसे मागितले, की तिथेच समजून जा.

दाबाखालच्या प्राणवायूचा उपचारही जाहिरातीत दिसतो. कॅनडात १११ मुलांवर त्याची नीट चाचणी झाली, २००१ मध्ये निष्कर्ष आले. प्राणवायू दिलेली आणि किंचित दाबाची साधी हवा दिलेली, दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली. म्हणजे त्या प्राणवायूचा वेगळा काही उपयोग झाला नाही.

आणि परदेशात चाललं ते इथे चालेलच असंही नाही. जन्मताच न रडलेल्या बाळाचं अंग ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत उपयोगी ठरला. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीत, २०२१ मध्ये, उलट मृत्यू जास्त दिसले. म्हणून कुठलाही उपचार सुचवला की तीन प्रश्न विचारा : यानं माझं लेकरू नेमकं कोणतं काम करू शकेल? ते किती दिवसांत कळेल? आणि नाही झालं तर आपण केव्हा थांबायचं?

बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नाही

१९६६ साली जन्मलेल्या मालिनी छिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्यासाठी योग्य शाळा भारतात नव्हती. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, जी आज 'अडॅप्ट' या नावानं ओळखली जाते. मालिनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये दोन विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलं, आणि करंगळीनं एकेक अक्षर टाइप करत आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नावच 'वन लिटल फिंगर', म्हणजे एक करंगळी. 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' या चित्रपटामागेही त्यांच्या आयुष्याची प्रेरणा आहे.

प्रत्येक मूल मालिनी होईल असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे साधनं होती, शिकलेली आई होती. मी एवढंच म्हणतो, की लेकराला 'हो' आणि 'नाही' सांगण्याची एक खूण तरी शोधा. डोळे वर म्हणजे हो, मान वळवली म्हणजे नाही. मग एका पुठ्ठ्यावर चार चित्रं : पाणी, भूक, शी-शू, दुखतंय. तिथून सुरुवात होते. चित्रं दाखवल्यानं बोलणं मागे पडतं ही भीती खोटी आहे.

शाळेचा हक्क कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात सेरेब्रल पाल्सी आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत. यूडीआयडी कार्ड काढा. एसटीची सवलत, साहित्य-साधनं, संजय गांधी निराधार योजना, सगळ्याला ते लागतं. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्यविमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो.

सुरुवात कुठून करायची? अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकापासून. २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातल्या पालघरमधूनच हा कार्यक्रम सुरू झाला. ते पथक तुम्हाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथे बालरोगतज्ज्ञ, थेरपिस्ट, कान आणि डोळ्यांची तपासणी, हे एका छताखाली असावं अशी योजना आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : (एक आजी) मंग आता मालिश बंद करावं का जी लेकराचं?*

नाही आजी. मालिश करा, प्रेमानं करा, हलक्या हातानं. लेकराला बरं वाटतं, झोप लागते. फक्त सांधा जोरात ओढू नका, हाडं नाजूक असतात. आणि मालिश झाली म्हणजे उपचार झाला असं समजू नका. मालिश झाली की त्याला बसवून खेळवा.

*प्रश्न : दुसरं मूल होऊ द्यावं का? तेही असंच झालं तर?*

बहुतेक घरांत दुसरं मूल चांगलं होतं. पण पहिल्याचं कारण आधी शोधा. कावीळ होती, लवकर जन्म होता, की कारणच सापडलं नाही? कारण सापडलं नसेल, किंवा नात्यात लग्न असेल, तर जनुकीय सल्ला घ्या. आणि पुढचं बाळंतपण नवजात अतिदक्षता विभाग जवळ असेल अशा ठिकाणी करा.

*प्रश्न : फिट आली की आमच्याकडे चप्पल हुंगवतात, तोंडात चमचा घालतात.*

दोन्ही नको. लेकराला एका कुशीवर वळवा, कपडे सैल करा, घड्याळ पाहा. तोंडात काहीच घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच १०८ ला फोन. आणि फिटचं औषध मनानं कधीही बंद करू नका.

*प्रश्न : अशा मुलांना लसी द्याव्या का?*

द्यायच्या, सगळ्या, वेळेवर. या मुलांना न्यूमोनिया आणि गोवर जास्त महागात पडतात.

*प्रश्न : (एक वडील) माझी पोरगी सोळा वर्षांची आहे. सगळं आम्हीच करतो. आमच्या मागे तिचं कोण?*

दादा, इथे बसलेल्या पुष्कळ जणांच्या मनात हाच प्रश्न आहे. याचं पूर्ण उत्तर कुठल्याही डॉक्टरकडे नाही, पण काही गोष्टी आजच करता येतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार, पोरगी १८ वर्षांची झाली की तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती तो नेमते. घरातला विश्वासाचा माणूस आत्ताच ठरवा, त्याच्याशी मोकळं बोला. तिच्या नावानं काही ठेवायचं असेल तर वकिलाच्या सल्ल्यानं लिहून ठेवा. आणि ज्या ज्या गोष्टी ती स्वतः करू शकेल, जेवणं, कपडे निवडणं, हो-नाही सांगणं, त्या तिला करू द्या. ती जितकी स्वतःचं करेल, तितकं तिला सांभाळणं उद्या दुसऱ्याला सोपं जाईल.

आपल्याच जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचं आडनाव देऊन वाढवलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची वर्षानुवर्षांची मागणी हीच आहे, की अठरा वर्षांचं झालं म्हणून अशा लेकरांना बालगृहातून बाहेर काढू नका, त्यांना आयुष्यभराचं घर द्या. तुमचा प्रश्न तुमच्या एकट्या घराचा नाही. दोन-चार गावांतल्या अशा पालकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसायला सुरुवात करा. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, तो कुठे जातो हे दहा पालकांनी मिळून विचारलं तर उत्तर मिळतं. एकट्यानं विचारलं तर बहुतेक वेळा मिळत नाही.

ज्यांना लेकरू दाखवायचं आहे त्यांनी थांबा, मी आहे. जुने कागद, एक्स-रे आणि बाळंतपणाच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड असेल तर सोबत आणा.